दोरीवरची दोघं

२ फेब्रुवारी

टिल्लू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र दाराखालून आत सरकतं आणि तिथे पडून राहतं. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाचशील हे मला माहीत आहे. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा माणूस तू.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. मी नाव नोंदवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, हवा बरी असेल त्या दिवशी, एका गाइडबरोबर मी तो ज्वालामुखी चढणार. पहाटे वरच्या निवाऱ्यातून निघायचं, माथा गाठायचा आणि दुपारपर्यंत परत यायचं. एका दिवसाचं काम आहे. लोक करतात, माझ्याहून म्हातारे करतात.

त्या दिवशी जेवताना तू जे बोललास ते मी विसरलेली नाही. "ती किडनी माझी आहे. ती घेऊन तू डोंगरावर जाणार नाहीस." मी म्हटलं, मग काढून घेऊन जा. तू भरल्या ताटावरून उठलास आणि तुझ्या गावाची गाडी पकडलीस. त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही रे. मी यंत्राला जुंपलेली होते, आणि नुकती कुठे नोकरी लागलेला तू, स्वतःचं पोट कापून घेऊन मला एक किडनी दिलीस. भूल उतरल्यावर नर्सला पहिलं विचारलंस, "आईला लघवी झाली का?" सगळा वॉर्ड हसला आणि मी रडले. ते ऋण फिटायचं नाही, आणि मी फेडायला बसलेलीही नाही. पण तेव्हापासून तू मला आई म्हणून भेटायचाच थांबलास. रोज संध्याकाळी फोन करून चौकशी: पाणी किती प्यायलीस, गोळी वेळेवर घेतलीस का, बाजारात चालत का गेलीस. उंटावरून शेळ्या हाकतोस. आता शेळी कंटाळली.

माझं म्हणणं तू कधी ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहिते. बंदरातल्या क्रेनवर माझी उमर गेली. शिडी चढून त्या काचेच्या खोलीत बसलं की पायाखाली जहाज, आणि समोर पाण्यापलीकडे तो डोंगर. स्वच्छ दिवशी माथ्यावरचा धूर दिसायचा. कंटेनर उचलायचा, ठेवायचा, पुढचा येईपर्यंत डोंगर बघायचा. ऑपरेशननंतर कंपनीने मला खाली आणलं आणि खिडकीत बसवून गेटपास लिहायला लावले. तिथून गोदामाची भिंत दिसायची. निवृत्तीच्या दिवशी माझी किती काळजी घेतली याबद्दल सगळ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं. मी मेले असते तरी कार्यक्रम असाच झाला असता.

मला एकदा वर जायचंय. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, मला जवळून बघू दे.

आई

२३ फेब्रुवारी

टिल्लू,

उत्तर आलं नाही. तुझ्या बाबांचीही हीच पद्धत होती, रागावले की कपाटाशी बोलायचे. त्यांच्या माघारी ते कपाट मोकळंच होतं, आता तू घे.

तयारी जोरात चालू आहे. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरायच्या, इमारतीच्या गच्चीपर्यंत चढायचं, वर ते पाणी कुंड्यांत ओतायचं आणि मोकळ्या पाठीने उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात. ही युक्ती झेंडेकाकांची. झेंडेकाका म्हणजे माझ्या क्रेनखाली उभं राहून हाताच्या खुणा करायचे ते. लहानपणी तुला खांद्यावर बसवून बंदर दाखवायचे. आता रोज सकाळी येतात, गच्चीच्या दारात पेपर वाचत बसतात आणि मी धापा टाकत वर पोचले की हातानेच 'अजून एकदा' अशी खूण करतात. तोंडातून शब्द नाही. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात काम केलेला माणूस, बोलण्यावर त्याचा विश्वासच नाही. कुंड्या मात्र जास्त पाण्याने कुजायला लागल्या आहेत, आणि ज्या शिक्षिकेच्या त्या कुंड्या आहेत ती माझ्याकडे बघून हल्ली नुसतीच मान हलवते.

बूट घेतले. नेहमीच्या मापापेक्षा मोठे घ्यायचे असतात, नाहीतर उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. घरातच घालून फिरते, म्हणजे कातडं मऊ होईल. डावा संध्याकाळी जरा घट्ट होतो, सकाळी ठीक असतो. नवा बूट असाच वागतो.

झेंडेकाकांचं म्हणणं दोन दिवस सुट्टी घ्या. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्याला सुट्टी घेतली असती तर बंदर बुडालं असतं. तिसऱ्या मजल्यावरची ती तुटकी पायरी अजून तशीच आहे, किती वेळा सांगितलं पण कुणाला पडलेली नाही. हे अक्षर जरा वाकडं येतंय ते मनगटामुळे. दुसरं काही नाही.

आई

१९ मार्च

टिल्लू,

रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला आहे. डॉक्टरांनी पुन्हा एकदा करायला सांगितलाय, पण डॉक्टरांना ती हौसच असते. आकडा मी लिहून आणला नाही, त्यामुळे तो विचारू नकोस. विचारायला तू फोन करणार आहेस थोडाच.

पाणी वाढवलंय. जिने सध्या बंद ठेवलेत, गुडघ्यांनाही विश्रांती हवी. झेंडेकाका तरीही येतात आणि चहा पिऊन जातात. परवा जाताना त्यांनी दोन्ही हात आडवे पसरून हलवले. क्रेनवर त्या खुणेचा अर्थ 'काम थांबवा' असा होतो. मी दार लावून घेतलं.

तू इथे असतास तर तुझ्याशी भांडून मोकळी झाले असते. एकटीला भांडता येत नाही, त्यामुळे विचार येतात. मला डोंगराची भीती वाटत नाही. तिथे पडले तर पडले, एकदाच. मला त्या तपासणीच्या पाकिटाची भीती वाटते. माझी स्वतःची असती तर बिघडली तर बिघडली म्हणाले असते. तुझ्या अंगातून काढलेली वस्तू माझ्या हौसेपायी नासली, तर मी तुला तोंड कसं दाखवू? रोज सकाळी उठले की कुशीवर हात ठेवते, जिथे ती बसवली आहे तिथे. दुखत नाही ना बघते. मग स्वतःचाच राग येतो, की मीपण तुझ्यासारखीच तिच्यावर पहारा करायला लागले.

हे वाचून 'मग जाऊ नकोस' असं म्हणशील. म्हणू नकोस. मी आधीच म्हणून बघितलंय. दोन दिवस नाव काढून घेतलं होतं. ते दोन दिवस मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीची भिंत बघितली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नाव घातलं.

आई

२१ एप्रिल

टिल्लू,

काल सरावाचा दिवस होता. गाइड म्हणजे कुणी दाढीवाला पैलवान असेल असं मला वाटलं होतं. निघाली तुझ्या वयाची पोरगी. एका कानाची पाळी थंडीने गेलेली, बोलणं मोजकं. मला मावशी म्हणते, पण लाड करत नाही.

तिने आम्हाला चालायला शिकवलं. या वयात! पाऊल टाकायचं, मागचा गुडघा ताठ करायचा, हाडांवर भार देऊन क्षणभर थांबायचं, मग पुढचं पाऊल. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने जायचं. बुटांखाली लोखंडी काटे बांधून बर्फावर फेंगडं चालायचं, नाहीतर आपलेच काटे आपल्याच पायात घुसतात. माझी चाल तिला पसंत पडली. म्हणाली, घाई नाही तुमच्या अंगात. मी म्हटलं, चाळीस टनांचं वजन माणसांच्या डोक्यावरून न्यायचं काम केलंय, घाई केली असती तर तुरुंगात असते.

एका दोरीवर तिघं असतात. ती आणि आपल्यासारखे दोघं. एक जण परत फिरला की सगळी दोरी परत फिरते. कुणाला वाटेत बसवून पुढे जायचं नाही. हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम तिने परतीच्या गाडीत सांगितला, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

ती म्हणाली, वर गेल्यावर मला डोळ्यांनी निम्मंच कळतं. निम्मं तुम्ही सांगाल त्यावर. डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं बधिर झाली, हे तुम्ही बोललात तर मला कळणार. लपवणाऱ्या माणसाला मी नेत नाही. आणि तुम्ही लपवता का हे तुम्हाला विचारण्यात अर्थ नसतो, लपवणारा तेही लपवतो. म्हणून ती निघण्याआधी प्रत्येकाच्या घरी फोन करते आणि एकच प्रश्न विचारते: हा माणूस दुखलं तर सांगतो का?

मला तुझ्याखेरीज आहे कोण? तुझाच नंबर दिला. अनोळखी नंबर बघून तू कापशील म्हणून आधीच कळवते. तो फोन उचल.

काय सांगायचं ते तू ठरव. खोटं बोल असं मी म्हणणार नाही, तू बोलणारही नाहीस. पण एवढं ध्यानात ठेव, की मी जे काही लपवलं ते भीतीने लपवलं नाही. तू धावत येऊ नयेस म्हणून लपवलं. तुझ्या बाबांच्या आजारात, माझ्या आजारात, दर वेळी तुला परीक्षा सोडून, नोकरी सोडून यावं लागलं. आता माझा डोंगर तुझ्या जिभेवर आहे. सूड घ्यायचा असेल तर याहून चांगली संधी मिळणार नाही.

आई

२० मे

वा रे वा, टिल्लू!

तिने आज मला तिच्या कचेरीत बोलावलं. भिंतीवर दोर टांगलेले, टेबलावर काटे घासायची कानस, आणि ती समोर हाताची घडी घालून बसलेली. म्हणाली, तुमच्या मुलाशी बोलले, बराच वेळ बोलले. माझ्याशी चार महिने बोलायला तुला वेळ नाही, आणि तिच्याशी बराच वेळ!

मी म्हटलं, काय म्हणाला ते जसंच्या तसं सांग.

"म्हणाला, लपवते. जन्मभर लपवत आली आहे. पण तिला पत्र लिहायला लावा. ताकाला जाऊन भांडं लपवायला जाते आणि भांडं वाजतं."

आणि मग तिने एकेक सांगितलं. संध्याकाळी डावा पाय सुजतो. फेब्रुवारीत जिन्यात पडली, मनगट मुरगळलं. मार्चमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलं आणि जिने चढणं बंद करावं लागलं. यातलं एकही वाक्य मी तुला लिहिलेलं नाही. तिथल्या तिथे चोर पकडला गेला, आणि चोराने स्वतःच पोलिसांना पत्ता पाठवलेला!

मी विचारलं, म्हणजे संपलं का माझं? ती म्हणाली, "मीही त्याला तेच विचारलं. नेऊ की नको? तो म्हणाला, न्या. नाही नेलंत तर ती असा गाइड शोधेल जो काही विचारत नाही. फक्त त्या दोरीवर दुसरी जागा मला द्या."

टिल्लू, बाकीचंही तिनेच सांगितलं. तू मार्चपासून तुझ्या इमारतीचे जिने चढतोयस. माझ्या पत्रातली बाटल्यांची युक्ती चोरून चढतोयस. तपासण्या करून घेतल्यास, तुझ्याकडच्या गाइडबरोबर बर्फावर सराव केलास, आणि मला एक अक्षर नाही. उंचावर गेलं की ज्याचे पाय लटपटतात, लहानपणी ज्याने माझ्या क्रेनच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर भोकाड पसरलं होतं, तो तू.

आता झाकण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं लिहिते. मार्चमध्ये आकडा दीडवर गेला होता. नेहमी सव्वाच्या आत असतो. चढताना घाम जायचा तेवढं पाणी मी पीत नव्हते, एवढंच कारण निघालं. एप्रिलमध्ये तो जागेवर आला, मेमध्येही जागेवर आहे. पायाची सूज उतरली. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, कपाळाला आठ्या घालून पण दिली आहे. गोळ्यांच्या वेळा चुकवायच्या नाहीत, आणि वर जरा जरी बरं वाटेनासं झालं तर लगेच उतरायचं, ही त्यांची अट. मी कबूल केली.

आणि मग त्या पोरीने मला कोंडीत पकडलं. म्हणाली, त्याच्या घरी विचारायचं म्हणजे तुम्हालाच विचारायला हवं. तो दुखलं तर सांगतो का? मी एका दमात सांगितलं, सांगतो. चोरून साखर खाल्ली तरी स्वतः येऊन सांगणारा पोरगा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याच्या शब्दावर डोळे मिटून जा. तिने मान डोलवली आणि तुझं नाव घातलं.

मला राग आलाय. खूप आलाय. तरीही आज येताना बाजारातून उगाचच तुझ्या मापाचे लोकरी मोजे घेतले.

आई

४ जून, वरचा निवारा, दुपार

टिल्लू,

तू बाहेर बाकावर बसून बुटांना मेण लावतोयस आणि मी आत हे लिहितेय. दार उघडं आहे. हाक मारली तर ऐकू जाईल, पण काय हाक मारू? परवा स्टेशनवर भेटलो तेव्हा तू वाकून नमस्कार केलास, माझी पिशवी घेतलीस आणि विचारलंस, "गोळ्या घेतल्यास?" त्यानंतर आपण जे बोललो ते सगळं गाइडमार्फत. ती बिचारी आपल्या दोघांची टपालवाली झाली आहे.

उद्या पहाटे निघायचं ठरलं. वारा पडलाय, आकाश मोकळं आहे. माथा इथून इतका जवळ वाटतो की हात लांबवला तर धूर बोटांना लागेल. जळक्या काडेपेटीसारखा वास येतो. माझं डोकं हलकं आहे, भूक लागते, लघवी ठीक होते. बघ, सगळं लिहिलं, काही हातचं राखलं नाही.

दुपारी तू निम्मंच जेवलास. तिला म्हणालास, वाटेत बिस्किटं खाल्ली होती. मी तुझ्याबरोबरच होते, मला दिसली नाहीत. असो. उंचीवर पहिल्या दिवशी भूक मरते असं ती सांगतच होती, आणि संध्याकाळी तिने विचारलं की तू सांगशीलच.

एक गोष्ट तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहिते. तू आलास याचा मला आनंद झालाय. तू माझ्यावर पहारा करायला आलायस हे कळत असूनही झालाय.

ही चिठ्ठी तुझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवते.

आई

९ जून

टिल्लू,

तू गेल्यापासून गप्प बसले होते. आता माझ्याच्याने बसवत नाही.

स्टेशनवर निघताना तू म्हणालास, "आता तरी पटलं ना? शरीर ऐकत नाही, तर माणसाने ऐकावं." मी मान खाली घालून 'हो' म्हटलं. जन्मात पहिल्यांदा तुझ्याशी वाद हरले, आणि तेही भर फलाटावर, लोकांदेखत. तू इतक्या प्रेमाने म्हणालास की मला उलट बोलवेना. पण घरी येऊन तीन दिवस माझं मन मला खातंय. खोटं बोलल्याचं वाईट वाटतंय असं नाही. तू जिंकलास असं तुला वाटतंय, ते मला सहन होत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत.

तर ऐक. मला काहीही झालं नव्हतं.

गाइडने तुला मधे ठेवलं आणि मला शेवटी, कारण माझी चाल पक्की होती आणि तू नवखा. तुला ते आवडलं नाही. दर थोड्या वेळाने मागे वळून विचारत होतास, "बरी आहेस ना?" तू वळलास की तुझा चेहरा दिसायचा. उजाडलं तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. ओठ निळसर, डोळे कुठेतरी भलतीकडेच.

पण त्याआधीच मला दोरीने सांगितलं होतं. तुझ्या कमरेपासून माझ्या कमरेपर्यंत ती होती, आणि दोराच्या टोकाला काय चाललंय हे ओळखण्यावर मी आयुष्यभर पोट भरलंय. ती सुरुवातीला एकसारखी जात होती. मग ढिली पडायला लागली, मग हिसका, मग पुन्हा ढिली. तू दोन पावलं घाईने टाकत होतास आणि तिसऱ्याला थांबत होतास. बर्फाच्या उतारावर तुझा काटा विजारीत अडकला, तू गुडघ्यावर आलास आणि हसलास. हातमोजा काढलास तो परत घालायचा विसरलास. पाण्याची बाटली तोंडाला लावत होतास, पण घशाची हालचाल होत नव्हती.

गाइड दर थांब्यावर तुला विचारत होती. डोकं? ठीक. मळमळ? अजिबात नाही. ती माझ्याकडे बघायची, कारण तुझ्या शब्दावर डोळे मिटून जा असं तिला मीच सांगितलं होतं. त्या कचेरीत मी किती ठामपणे बोलले होते! खाण तशी माती. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणे. तू माझ्याच पोटचा आहेस हे मी विसरले होते.

माथ्याची कड समोर दिसत होती. खडकांतून धूर निघत होता आणि वरून उतरणारी दुसऱ्या दोरीवरची माणसं आम्हाला हात करत होती. जास्तीत जास्त तासाभराची चाल. माझा श्वास एकसारखा होता, पाय गरम होते, आणि मला खात्री होती की मी पोचणार. तू पुन्हा वळलास, विचारलंस, "बरी आहेस ना?", आणि वळताना तुझा तोल गेला. हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीवर रेललास. उजवीकडे सगळा उतार होता, टिल्लू. खाली ढग दिसत होते.

मी तिला ओरडून सांगू शकले असते की याला उंची बाधली आहे. तू नाही म्हणाला असतास. आपण तिथे भांडलो असतो, त्या उतारावर, आणि तू मला खोटं पाडायला म्हणून दहा पावलं धावत गेला असतास. मी तुला ओळखते. लटकलेलं वजन झोके घ्यायला लागलं की नवशिका क्रेनवाला त्याला मागे ओढतो, आणि झोका वाढतो. जाणता माणूस वजनाच्या दिशेनेच थोडं पुढे जातो, मग ते आपसूक शांत होतं. तू मला खाली न्यायलाच आला होतास. मी तुझ्या दिशेने आले.

खाली बसले आणि म्हणाले, "माझ्याच्याने होत नाही. छातीत धडधडतंय. परत फिरू या."

गाइडने माझ्याकडे बघितलं. मग तुझ्याकडे बघितलं. तिने दोरी फिरवली आणि सगळं उलटं करून बांधलं, तुला पुढे, मला मधे, स्वतःला मागे. तू उतरायला लागलास आणि बोलायला लागलास. सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. माझी किडनी घेऊन कुठे कुठे फिरणार आहेस? मी ऐकत होते. आपण जितके खाली येत होतो तितका तुझा आवाज ठणठणीत होत होता, आणि मला तुझी शिवी गोड लागत होती. मधे दोनदा तू खडकाआड जाऊन ओकलास. सकाळचं खाणं बाधलं म्हणालास. मी म्हटलं, असेल.

निवाऱ्याशी दोरी सोडून तू आत गेलास, आणि गाइड माझ्या कमरेची गाठ सोडत होती. म्हणाली, "मावशी, तुमचा श्वास मी सकाळपासून ऐकतेय. लपवणाऱ्याला नेत नाही म्हणाले होते. या वेळी दोघांना नेलं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी नको, पुढच्या वेळी दोघांबद्दल शेजाऱ्याला विचारेन.

परत आल्यावर रक्त तपासलं. आकडा सव्वाच्या आत आहे. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे, लपवाछपवी नको. तूही तुझं रक्त तपासून घे, आणि आकडा लिहून पाठव. तुझ्याकडेही आता एकच आहे, हे चार वर्षांत मला कधी नीट सुचलंच नव्हतं. त्या उतारावर सुचलं.

डोंगर गेला याचं मला दुःख आहे. खोटं कशाला बोलू, आता खिडकीत उभी राहिले की डोळे भरून येतात. इतकी वर्षं बघितला, आणि तासाभरावरून परत आले. पण तू घरी पोचल्याचा निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडले, आणि ते डोंगरासाठी नव्हतं.

एकच विचारायचं आहे. उतरताना खालच्या खडकांपाशी तू एकदम बोलायचा थांबलास. मागे आलास, माझ्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावलीस आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिलास. मी धापा टाकून दाखवल्या. मग पुन्हा उतरायला लागलास, आणि त्यानंतर निवाऱ्यापर्यंत मला एकदाही रागावला नाहीस. फलाटावरचं ते वाक्य बोललास तेही माझ्याकडे न बघता.

तुला तेव्हाच कळलं होतं का रे? खरं सांग.

आई